वाकय

बाबांचा मोबाइल तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वाजला. मी त्यांच्या कपाटासमोर फरशीवर बसले होते, मांडीवर त्यांच्या पँटींचा ढीग होता, आणि यातल्या वृद्धाश्रमात कोणत्या द्यायच्या आणि पोछ्याला कोणत्या ठेवायच्या ते ठरवत होते. फोनवर एक बाई होती.

"काकाजी हायेत का?"

"कोण काकाजी?"

"काकाजी जी! हा त्याइचाच नंबर होय ना? लय दिवस झाले, आले नाही, म्हून लावला."

"तुम्हाला नक्की कोण हवंय?"

"थेच ना, भल्ली मज्याक करतेत, थे काकाजी."

राँग नंबर, म्हणून मी फोन ठेवून दिला. माझ्या बाबांनी आयुष्यात कधी मजाक केल्याचं मला आठवत नव्हतं. जोक सांगायचाच झाला तर ते वर्तमानपत्रातला वाचून दाखवत, आणि वाचून झाला की घडी घालून बाजूला ठेवत.

मी मुळात रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला समजूतदारपणाचे धडे देऊ नये. नवरा देतोच. "जाऊ दे ना," हे त्याचं ठरलेलं वाक्य आहे. हे सगळं घडून गेल्यावरही तो तेच म्हणाला. मी जाऊ दिलेलं नाही.

बाबा दर्यापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातून नागपूरला आले, सरकारी नोकरीत लागले आणि शेवटपर्यंत त्याच खात्यात राहिले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते साहेबांपुढे जाऊन म्हणाले होते, "साहेब, मले सही पाहिजे." साहेबांनी त्यांना ते वाक्य सगळ्या टेबलांसमोर पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. सगळं ऑफिस पोट धरून हसलं. ही गोष्ट बाबा आम्हाला धडा म्हणून सांगायचे. त्यात ते स्वतःही थोडे हसायचे, पण ओठांनीच.

त्या दिवसापासून त्यांनी 'मले' सोडलं ते सोडलंच. घरात एक नियम झाला, आणि तो कोणी पाळला नाही तर बाबा ओरडायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत. फक्त विचारायचे, "कोणाला?"

"बाबा, मले भूक लागली."

"कोणाला?"

"मले."

"कोणाला?"

पेपरमधून मान वर व्हायची नाही. मी 'मला' म्हणेपर्यंत प्रश्न थांबायचा नाही आणि ताटही यायचं नाही. शाळेत जायच्या आधीच माझी जीभ सरळ झाली. वर्गातल्या मुली 'काहून वं' म्हणत गळ्यात गळे घालायच्या आणि मी बाजूला उभी राहून "का गं?" विचारायचे. मला सगळ्या 'पुणेवाली' म्हणत. मी पुणं तेव्हा नकाशातही नीट पाहिलेलं नव्हतं. पुढे नागपुरातच सदरला विमा कंपनीच्या ऑफिसात लागले, तिथेही काटोलचा, उमरेडचा माणूस खिडकीशी आला की दोन वाक्यांत विचारतो, "मॅडम, बाहेरून आल्या काय तुमी?" नाही हो, जन्म इथलाच, असं मी सांगते. त्याला ते पटत नाही. पटण्यासारखं मी बोलतही नाही.

माझं झालं ते झालं, लहानपणी काठी वाकते. पण आई तर तिकडचीच होती, बाबांच्या गावापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावरची. तिलाही तोच प्रश्न. "मले बजारात जायचं हाय." "कोणाला?" आई आधी एक बारीक खोकायची आणि मग 'मला' म्हणायची. तो खोकला तिला जन्मभर पुरला. 'मला' कसंबसं जमलं, पण 'ळ' काही केल्या जमेना. आमच्या भागात ळ चा य होतो. डोळे म्हणजे डोये, काळा म्हणजे काया. बाबा तिला शिकवायचे, "जीभ वर टाळूला लाव." आईची जीभ टाळूला लागायची नाही. शेवटी तिने ळ चे शब्दच टाकून दिले. केळी आणायची असली की ती रिकाम्या टोपलीकडे बोट दाखवायची. पाहुणे आले की ती गप्प बसायची, आणि पाहुणे म्हणायचे, वहिनी किती शांत आहेत हो.

तिच्याजवळ एक वाकळ होती. गोधडी म्हणतात ना, ती. आजीच्या लुगड्यांची आणि तिच्या स्वतःच्या लग्नातल्या साड्यांची, तिनेच शिवलेली. एका बाजूला हिरवे काठ होते आणि एका कोपऱ्यात माझ्या पहिल्या झबल्याचा पिवळा तुकडा. आई तिला वाकय म्हणायची, आणि बाबा घरात असले की पांघरूण म्हणायची. मला ताप आला की आई ती वाकळ माझ्या अंगावर टाकायची आणि दुपारी, बाबा ऑफिसात असताना, माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, "झोप वं माय, झोप. उतरते आता ताप." बस, तेवढंच. माझ्या आईची भाषा माझ्या वाट्याला आली ती तापातच आली, आणि त्या वाकळीखाली आली. मी कितीदा तरी बरं वाटत असतानाही पडून राहिलेली आहे.

आई गेली ती धंतोलीच्या एका दवाखान्यात. शेवटी शेवटी ती अर्धवट शुद्धीत असायची, आणि त्या अवस्थेत तिच्या सगळ्या सवयी गळून पडल्या. खोकला नाही, काही नाही. "मले घरी नेजा," ती म्हणत राहिली. "मले घरी नेऊन द्या ना जी." आजूबाजूच्या खाटांवर सगळा विदर्भ पडलेला होता, सगळ्यांना ते कळत होतं. डॉक्टर तेवढे बाहेरचे होते, त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "तिला घरी जायचं आहे, असं ती म्हणते आहे." नंतर मी त्यांना बाहेर पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं असलेलं पाहिलं. मला वाटलं, रडताहेत. मी जवळ गेले नाही. आमच्या घरात रडणाऱ्याच्या जवळ जायची पद्धत नव्हती.

आईचं सामान बाबांनी स्वतः आवरलं. मी म्हटलं, बाबा, वाकळ मला द्या. ते म्हणाले, तिची सगळी भांडीकुंडी आणि कपडे मी तिच्या माहेरी ट्रकने पाठवतो आहे, तिकडे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. वाकळही त्यातच बांधली गेली आहे. "जुन्या चिंध्या त्या. तुला काय करायच्या आहेत?" मी संतापून निघून आले आणि बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग हळूहळू मनाची समजूत घातली की आईची वस्तू आईच्या माहेरी गेली, यात काय वाईट आहे. ती स्वतः जाऊ शकली नाही, निदान तिची वाकळ गेली.

त्यानंतर बाबा घरी एकटेच राहायचे. आमचं घर दोन गल्ल्या सोडून. मी सकाळी डबा पाठवायचे. दुपारी ते घरी नसायचे. "सदरच्या वाचनालयात असतो," ते म्हणायचे, "तिथे शांतता असते." माझं ऑफिस सदरलाच. मी कितीदा म्हटलं, बाबा, मधल्या सुट्टीत येते, सोबत चहा घेऊ. "कशाला," ते म्हणायचे, "वाचनात व्यत्यय नको." मी ऑफिसात अभिमानाने सांगायचे की या वयातही माझे वडील रोज वाचनालयात जातात.

त्या बाईचा फोन त्याच दुपारी पुन्हा आला. या वेळी तिने बाबांचं नाव घेतलं, आडनावासकट.

मी सांगितलं. पलीकडून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. ती म्हणाली, "माय वं." मग म्हणाली, "ताई, त्याइची खोली हाय ना इथं, वाडीले. सामान हाय. येऊन पाहून घ्या."

वाडीला. खोली. सामान. मी फोन हातात धरून त्या पँटींमध्ये बसून राहिले. मनात पहिला विचार काय आला, ते लपवत नाही. बाई आली. दुसरं घर आलं. माझ्या इस्त्रीच्या पायजम्यातल्या बापाचं वाडीला दुसरं घर! खोटं वाटेल, पण त्या विचाराने मला थोडंसं हसूही आलं. नंतर वाटलं, तसंच काही निघालं असतं तर बरं झालं असतं. ते सहन करायची काहीतरी रीत असते.

सामानासाठी एक टेम्पो ठरवला आणि मी ड्रायव्हरशेजारी बसून अमरावती रोडने वाडीकडे निघाले. गोदामांच्या रांगा, ट्रकांच्या मागे ट्रक, टायर दुरुस्तीची दुकानं. एका गोदामाच्या मागच्या अंगाला टिनाची खानावळ होती आणि तिच्या पाठीमागे भाड्याच्या खोल्या. खानावळीतून एक बाई हात पुसत बाहेर आली. माझ्याच वयाची, थोडी लहान असेल. नवरा ट्रकवर असतो, खानावळ आणि खोल्या तीच बघते, हे पुढे कळलं. तिने मला पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"या जी ताई, या. मले वाटलंच तुमीच असान. नाक काकाजीचंच हाय." आणि मला हाताला धरून बाकावर बसवलं. "बसा न जी. चहा मांडतो."

कोणी मला इतक्या सहज 'जी' लावून बोललं की मला लगेच बरं वाटतं. त्या दिवशीही वाटलं, ते कबूल करते.

चहा उकळेपर्यंत तिने सांगितलं. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्यासोबत हातठेल्यावर सामान होतं.

"दर्यापूरच्या ट्रकात सामान टाकाचं हाय म्हणे. मी तवा एका डायवरले झापून राहिली होती, काहून गा, ताटात हात काहून धुतला म्हून. काकाजी उभेच राह्यले. मले म्हणे, बाई, तुह्यं गाव कोणतं वं? म्या सांगतलं, अंजनगाव, दर्यापूरच्या बाजूचं. तं इथंच बसले, या बाकावर. हासून राह्यले का रडून राह्यले, समजेच ना. मंग म्हणे, सामान नाही धाडाचं. खोली हाय का खाली?"

म्हणजे आईचं सामान माहेरी गेलंच नव्हतं. ते इथून वीस पावलांवर कुलपात होतं.

"आणि मग ते इथे काय करायचे?" मी विचारलं.

"काय करे! बोले. दुपारी येजे, बनियनवर बसजे, वांगे चिरून देजे, अन् बोलजे. डायवर लोक त्याइच्यासाठी थांबत. अकोल्याचे, मूर्तिजापूरचे, सारे. काकाजी असे किस्से सांगे का पोट दुखे. त्याइच्या बुढीचे त लयच."

"कोणाच्या बुढीचे?"

"त्याइच्या. म्हणजे तुमच्या मायचे." तिचा चेहरा उजळला. "थे म्हणे नक्कल करे ना, साऱ्या गावाची! पाटलाची, मास्तरची, सासूची. काकाजी म्हणे, म्या तिले पाह्यलं तवा थे आडावर माह्याच बापाची नक्कल करून राहिली होती. म्या तवाच ठरवलं म्हणे, करीन तं हेच बायको. अन् मंग काकाजी तिच्यावानी करून दाखवे. हात कमरेवर ठेवून असे."

तिने कमरेवर हात ठेवून दाखवलं.

माझी आई नकला करायची. मी तिची एकुलती एक मुलगी, तिच्या पोटाशी झोपले, तिचं शेवटचं अंथरूण बदललं, आणि मला हे वाडीच्या खानावळीत एका अनोळखी बाईकडून कळत होतं, तेही बाबांच्या नकलेची नक्कल म्हणून. आमच्या घरी ती कोणाची नक्कल करणार होती? शुद्ध भाषेत काय नक्कल करता येते? मेलेली विनोदबुद्धी घेऊन ती चाळीसेक वर्षं आमच्या स्वयंपाकघरात शांत बसली आणि लोक तिला शांत म्हणाले. ज्याने तिला गप्प केलं, त्यानेच तिचे किस्से इथे येऊन वाटले. जिवंतपणी नाही. ती गेल्यावर.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण समोर बसलेल्या बाईवर ती काढता येईना. तिने मला बिस्किटांचा पुडा फोडून दिला होता.

"माझ्याबद्दल काही बोलायचे का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तर! माही पोरगी म्हणे रेडिओवानी बोलते. एक शब्द चुकत नाही म्हणे." ती हसली, आणि पुढचंही तिने हसतच सांगितलं, तिच्या मनात काही नव्हतं. "म्हणे, तिच्यासंग बोलाचं म्हणजे इस्त्रीचा शर्ट घालून बसा लागते. मंग इथं आलो का बटनं खोलतो."

मी त्या माणसाचा डबा रोज भरत होते. त्यांना पोळी मऊ लागायची म्हणून कणकेत दूध घालत होते. आणि त्यांना माझ्यापाशी बटणं लावून बसावं लागत होतं. तो शर्ट कोणी शिवला, कोणी त्याला इस्त्री केली, कोणी मला तो भुकेल्या पोटी अंगात घालायला लावला? आणि मग एक दिवस स्वतःचा तेवढा काढून खुंटीला टांगला आणि मला तशीच ठेवून इकडे निघून आले. वाचनालयात शांतता असते म्हणे. मला इतकं एकटं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि इतका रागही मी कधी मेलेल्या माणसावर धरला नव्हता.

"आखरीले काय बोलले जी काकाजी?" तिने हळूच विचारलं.

बाबा धंतोलीच्या त्याच दवाखान्यात गेले. शेवटचं मला म्हणाले होते, "घरी जाताना गाडी सावकाश चालव. वाहतूक फार असते." मी ते तिला जसंच्या तसं सांगितलं.

"असे बोलले?" ती म्हणाली. तिला ते दुसऱ्याच कोणाचं वाटलं असावं. मलाही आता तसंच वाटायला लागलं होतं.

तिने खोलीचं कुलूप काढून दिलं. एवढीशी खोली. खुंटीला बाबांचं बनियन आणि एक चौकड्याची लुंगी. लुंगी! आमच्या घरी लुंगी नेसलेल्या माणसाला ते दारातून आत घेत नसत. आणि कोपऱ्यात आईचा सगळा संसार मांडलेला. तिचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड, लखलखीत घासलेला. तिचा पाटा. तिचा लोखंडी तवा, त्याच्या कडेला जुना काळा थर. डब्यात ज्वारीच्या कण्या होत्या. आमच्याकडे कण्या शिजत नसत, बाबांना वरण-भात लागायचा. आईने एकदा स्वतःपुरत्या शिजवल्या होत्या तर बाबा म्हणाले होते, "हे आता कशाला?" कशाला ते आता त्या डब्याने सांगितलं.

मी सगळं भराभर बांधलं. टेम्पोवाला आणि मी मिळून पाटा उचलला. तवा मी पेपरात गुंडाळला. लुंगी मात्र तिथेच राहू दिली. प्रत्येक गाठोडं मी उलटंपालटं करून पाहत होते, आणि एवढं पाहूनही वाकळ कुठे दिसली नाही. मला वाटलं, निदान ती तरी खरंच माहेरी पोचली असेल.

ती मला जाताना दिसली. खानावळीच्या आतल्या खाटेवर घडी घालून ठेवलेली होती. हिरवे काठ वर. मी दारातच थबकले.

त्या बाईने माझी नजर पाहिली. "हाव जी, तुमच्या मायची वाकय. मांगच्या हिवाळ्यात मले भल्ला ताप चढला होता. तं काकाजीनं आणून टाकली आंगावर. इथंच बसून राह्यले. म्हणे, झोप वं माय, झोप. उतरते आता ताप. मंग मी वापस देत होती त घेतली नाही. राहू दे म्हणे तुह्याजवय."

झोप वं माय, झोप. तेच शब्द, त्याच क्रमाने. म्हणजे त्यांना ते ठाऊक होते. आपण ऑफिसात असताना आई मला काय म्हणते, हे त्यांना माहीत होतं. कदाचित ते कधी लवकर आले असतील आणि दाराशी उभे राहून ऐकलं असेल. ऐकून 'कोणाला?' विचारलं नाही, एवढं खरं. पण मला ते शब्द त्यांनी एकदाही दिले नाहीत. मला ताप आला की ते म्हणायचे, "औषध घेतलंस का?" आणि या बाईला, जिला ते धड दोन-चार वर्षंही ओळखत नव्हते, माझी आई, माझी वाकळ आणि माझा ताप, तिन्ही देऊन मोकळे झाले.

मला ती वाकळ हवी होती. दुसरं काहीच नको होतं. टेम्पोतलं सगळं सामान तिथेच उतरवून ठेवलं असतं मी. पण ती मागायची कशी? सदरच्या मॅडमसारखी मागितली तर काय होईल, ते मला दिसत होतं. ती वस्तू तिला मिळालेली होती, देणाऱ्याने राजीखुशीने दिलेली होती, आणि तिच्या तापात ती तिच्या अंगावर होती. माझ्याकडे हक्क सांगायला एकच गोष्ट होती, की जिने ती शिवली तिची मी मुलगी आहे. तर मग तिच्या मुलीसारखंच मागावं. तिच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं सगळं आत कुठेतरी असेलच की. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. सकाळपासून ही बाई माझ्याशी आईच्या बोलीत बोलत होती आणि मी तिला परीक्षेतल्यासारखी उत्तरं देत होते. निदान एकदा तिच्यासारखं बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. तिने माझ्याशी तसंच बोलत राहावं, हीसुद्धा.

मी म्हटलं, "मले ते वाकय द्या न जी."

माझ्याच कानांना ते कसंतरी लागलं. शब्द बरोबर होते, पण सूर कुठला तरी भलताच होता. मंचावर कोणीतरी खेडवळ बाईचं पात्र करतं ना, तो. बाकावर जेवत बसलेले दोन ड्रायव्हर हसले. टेम्पोवालाही हसला. त्यांना खरंच वाटलं, मी मजाक केली. काकाजीची पोरगी, करणारच.

ती मात्र हसली नाही. तिचे कान लाल झाले.

"ताई," ती म्हणाली, "नक्कल काहून करता जी आमची?"

"नाही, नाही," मी घाईघाईने म्हणाले, "मी नक्कल करत नव्हते. माझी आई असंच बोलायची. मला फक्त..." घाईत माझ्या तोंडून जे निघत होतं, ते सगळं रेडिओवरचं निघत होतं.

तिने माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आत गेली, खाटेवरची वाकळ उचलली, झटकली, परत घडी घातली. घडी घालताना पिवळा तुकडा वर आला. ती वाकळ घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पाठ ताठ, मान सरळ. आणि सकाळपासून मला 'जी' लावून, हाताला धरून बोलणारी ती बाई एक बारीक खोकली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"ही वाकळ तुमचीच आहे. तुम्ही घेऊन जा."

ळ अगदी स्वच्छ होता, जीभ टाळूला लावून काढलेला.